एका ठिपक्याची बाजू

“फूल पडासर हात जोडून रव. पडला की नमस्कार कर नि भायर ये. दुसऱ्यांदा इचारू नको गो, देवाक पण कंटाळो येता.” अण्णांचा आवाज असा अधूनमधून विमलाच्या कानाशी यायचा, आणि तोही काही शुभ वेळ बघून नाही, कांदा चिरताना, ओटा पुसताना, दुपारच्या त्या रिकाम्या तासाला, जेव्हा मालवणच्या बाजारातली दुकानं अर्धी शटरं ओढून पेंगत असतात. अण्णांना, तिच्या वडिलांना, जाऊन बरीच वर्षं झाली होती. धामापूरला देवीसमोर कौल लावताना गुरवाच्या शेजारी उभं राहायचा मान त्यांच्या घराचा. देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवीकडची पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. कधी घटकाभर काहीच पडायचं नाही, आणि त्या वेळात देवळातली माणसं श्वाससुद्धा हळू घ्यायची. लहान विमला अण्णांच्या धोतराशी उभी राहून ते बघायची आणि पाकळी पडली की तिला एकदम भूक लागायची. आज तो आवाज आला, कारण बाहेरच्या खोलीत अक्षया म्हणाली, “परत कित्याक?” विमलाच्या हातातली नारळाची वाटी खवणीवर थांबली. पाठोपाठ यज्ञेश स्वयंपाकघराच्या दारात येऊन घुटमळला आणि म्हणाला, “काकी, तुमचो पोळपाट जरा मेळात काय?”

“कित्याक रे? पोळ्यो लाटतंस?”

“नाय ओ. न्यायनिवाडो करूचो आसा.”

तिने पोळपाट पुसून दिला आणि पदराला हात पुसत त्याच्या मागोमाग बाहेर आली. एरवी ही मुलं दर शनिवारी यज्ञेशच्या बापाच्या दुकानाच्या माडीवर बसायची. खाली दोर, जाळी, जाळ्यांना तरंगत ठेवणाऱ्या बुयांचे ढीग, आणि वर ह्यांचा खेळ. पण माडीवर नवीन माल उतरला होता, म्हणून आज मुक्काम इथे. अक्षया आणि कौस्तुभ, तिची जुळी. तेविशी ओलांडलेली, तरी सतरंजीवर बसल्यावर शाळेतली दिसणारी. यज्ञेश कौस्तुभच्या वर्गातला. त्यांचा खेळ विमलाला कळायचा तो दारातून कळेल इतकाच. त्याला पट नव्हता, सोंगट्या नव्हत्या, कुणी जिंकायचंही नाही. कौस्तुभ एक गोष्ट सांगायचा, न संपणारी, आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं व्हायचे. दार उघडू का, कुलूप तोडू का, त्या म्हाताऱ्याला खरं सांगू का, असं विचारायचे, फासे टाकायचे, आणि पडेल त्याप्रमाणे गोष्ट पुढे सरकायची. नवी गोष्ट सुरू करायची म्हणजे आधी प्रत्येकाने जन्म घ्यायचा. जन्म हा विमलाचा शब्द. ती मुलं ‘कॅरेक्टर काढणं’ म्हणायची. तीन फासे एकदम टाकायचे, बेरीज येईल ती ताकद. परत टाकायचे, ती चपळाई. मग चिवटपणा, बुद्धी, शहाणपण आणि शेवटी लोकांवर पडणारी छाप. त्या आकड्यांवर माणूस उभा. मग तो त्या आकड्यांनिशी जगेल तेवढं जगायचा.

आणि आज अक्षयाच्या माणसाचा जन्म फार थोर झाला होता. फासे टाकावेत आणि सहाच वर यावेत. ताकद सतरा, चिवटपणा अठरा. अठराच्या वर तर काही असतच नाही. कौस्तुभ आनंदाने ओरडलाही होता, विमलाने ते आतून ऐकलं होतं आणि खवणीवरचा हात तिने कपाळाला लावला होता. यज्ञेशच्या वाट्याला मात्र सगळं आठ-नऊच्या आसपास आलेलं. तो चिडला नव्हता, पण त्याचं डोकं दुकानदाराचं. वजनात काही खोट असेल तर हाताला आधी कळतं. त्याने पोळपाट सतरंजीवर ठेवला, अक्षयाने टाकलेले तीन पांढरे फासे सहाच्या उलटी, एका ठिपक्याची बाजू खाली करून त्यावर मांडले, शेजारी स्वतःच्या खिशातला एक निळा फासा ठेवला, आणि पोळपाट हळूहळू तिरका करत नेला. निळा फासा घसरून कोलांटी खात सतरंजीवर गेला. पांढरे तीन जिथल्या तिथे, तिरक्या पोळपाटावर, उतारावरच्या घरांसारखे चिकटून.

 अक्षयाने एक फासा उचलला, डोळ्यांजवळ नेला, केसातली पिन काढून एका ठिपक्याच्या खळगीत टोक घातलं आणि उकरलं. पिनेच्या टोकावर पिवळट, तांबूस झाक असलेलं काहीतरी निघालं. तिने त्याचा वास घेतला.

“आये, ह्या मेण मां?”

विमला पोळपाटाकडे बघत म्हणाली, “मीच लावलंय. परवाच्या दसऱ्याक. कुंकू ऱ्हवना म्हणून.”

यज्ञेशने तोंडावर हात धरला, पण हसू बोटांतून बाहेर आलं. “काकीनी फाशांका टिळो लावल्यानी! तुझी आवस तुझ्या पाठीशी उभी, अक्षया. माझी आवस खंय आसा? सीरियल बघता.”

सगळे हसले. अक्षयाही हसली, पण पिन हातातच होती आणि नजर आईवर. त्या नजरेत राग नव्हता. काहीतरी ओळखल्यासारखं होतं, आणि तेच विमलाला बोचलं. ती आत आली आणि राहिलेला नारळ खवायला बसली.

दसऱ्याचा आदला दिवस तिला जसाच्या तसा आठवला. ज्याच्यावर आपलं चालतं त्याला वर्षातून एकदा पुसून, धुऊन देवासमोर मांडायचं, हे तिच्या हाताला पाठ होतं. कोयती, भाजी चिरायची आडोळी, नवऱ्याचं, श्रीपादांचं, शाळेच्या कचेरीतलं जुनं पंच मशीन, जे निवृत्त होतानाही त्यांनी मागून घरी आणलं. कौस्तुभचा लॅपटॉप, बाजूला जादा चाकं लावलेल्या अक्षयाच्या स्कूटरची किल्ली. मांडून झाल्यावर तिला वाटलं, पोरांचे ते फासे राहिले. शनिवार आला की अक्षया सगळ्यात आधी तेच शोधते. म्हणजे तिचंही ह्यांच्यावर काहीतरी चालतच असणार. मग तिने ते डबीतून काढले, ताम्हनात धुतले. कुंकू कुठे लावावं हा प्रश्न पडला. सहा बाजू, सगळ्या सारख्या. मग एका ठिपक्याची बाजू दिसली. मधोमध एकच खळगी, कपाळासारखी. तिच्या आईच्या कुंकवाच्या पेटीत मेणाची छोटी डबी असायची. आधी मेण, त्यावर कुंकू, म्हणजे दिवसभर हलत नाही. प्लॅस्टिकच्या त्या गुळगुळीत कपाळावर कुंकू धरेना, तेव्हा तिने मेणबत्तीचं मेण खोबरेलात मऊ केलं आणि बोटाने खळगीत भरलं. जरा जास्तच भरलं गेलं असेल. मग कुंकू, एकेक अक्षत, आणि हात जोडले. हात जोडल्यावर ओठ हलले. तिचे ओठ हलायचेच, त्यासाठी तिला काही ठरवावं लागत नसे. ओठ हलले म्हणजे मागणं एकच असायचं, गेली तेवीस वर्षं तेच: माझ्या चेडवाचा बरा कर.

आता अक्षयाला सहा पडले ते देवीने ऐकलं म्हणून, की मेण सतरंजीला चिकटलं म्हणून? तिने खवणी फिरवून घेतली. मेणही तिनेच भरलं होतं आणि मागणंही तिचंच. ऐकणाऱ्याने ऐकायला तिचंच बोट वापरलं असं म्हणावं, तर तेही खोटं नव्हतं. पण यज्ञेशचे आठ-नऊ तिला दिसत राहिले. त्याच फाशांनी त्याने टाकले असते तर त्यालाही सहा पडले असते. पण त्याने स्वतःचे वापरले, सरळ, कपाळ नसलेले. तिने आपल्या मुलीसाठी मागितलं, तेव्हा नकळत कुणा दुसऱ्याचं पारडं हलकं झालं का? हा विचार तिला आजवर कधी शिवला नव्हता. देवाकडे पुष्कळ असतं, एकाला दिलं तर दुसऱ्याचं कमी होत नाही, असं ती धरून चालली होती. आणि तरी जुळ्यांच्या आईला हे कधीतरी सुचायला हवं होतं, कारण तिने स्वतःच्या पोटात एकाच जागी दोन माणसं वाढवली होती.

आधी कौस्तुभ आला होता, रडत, लालबुंद, नर्सच्या हातात मावत नव्हता. मग बराच वेळ काही नाही. त्या वेळाची लांबी विमलाला कधी मोजता आली नाही. देवळात पाकळी पडायची वाट बघतानाचा वेळ असतो तसा तो होता, फक्त इथे श्वास खरोखरच अडला होता, आतल्या त्या दुसऱ्या जिवाचा. अक्षया आली ती निळसर आणि गप्प. डॉक्टर नंतर म्हणाले, मेंदूला जरा वेळ हवा मिळाली नाही, डावी बाजू कमी राहील, बाकी मुलगी चांगली आहे. श्रीपादांनी ‘कमी म्हणजे किती’ असं विचारलं होतं, आणि डॉक्टरांनी खिडकीबाहेर बघितलं होतं. अण्णा त्याच दिवशी धामापुरात देवीसमोर उभे राहिले. पोर जगतली काय, एवढंच विचारलं. पाकळी उजवी पडली. दुसरा प्रश्न कुणाच्या तरी ओठावर आला होता, पाय चालेल का म्हणून. अण्णांनी तो विचारू दिला नाही. मिळालं ते घेऊन ते बाहेर आले. विमलाने मात्र कौल लावला नाही, आणि विचारणं सोडलंही नाही. तिने ते वेगळ्या वाटेने चालू ठेवलं. सोमवार, मंगळवार, संकष्टी; तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा नाही; पोथीचा अध्याय वाचल्याशिवाय जेवण नाही. आणि तारले हे मासे खायचे सोडले. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर वाढलेल्या बाईने तारले सोडले म्हणजे काय, हे ज्याने खाल्लेत त्यालाच कळेल. घरात ते शिजायचेच, मुलांसाठी, श्रीपादांसाठी. ती त्यांचं तिखलं करायची, आणि मीठ बघायला वाटीत थोडा रस काढून अक्षयाला हाक मारायची. पोरगी डावा पाय ओढत यायची, जिभेवर थेंब घ्यायची आणि डोळे मिटून सांगायची, बरोबर आसा. हे मागणं नव्हे, हे देणं आहे, असं विमला स्वतःला सांगत आली होती. आज खवणीवर बसल्याबसल्या तिला प्रथमच वाटलं, की रोज दिलं आणि प्रत्येक देण्याच्या शेवटी तेच वाक्य उच्चारलं, तर ते काय झालं? अण्णांनी नको म्हटलं होतं, ते ती तेवीस वर्षं करत होती. फक्त पाकळीशिवाय.

बाहेर वाद रंगला होता, पण आवाज चढले नव्हते. समुद्रावर लांब होड्या बोलतात तसा तो वाद ऐकू येत होता. कौस्तुभचं म्हणणं, पडलेले आकडे राहू देत, खेळ तो, आईचा आशीर्वाद समजा. यज्ञेशचं म्हणणं, मग त्यालाही परत टाकू द्यावं आणि चांगलं येईल ते धरावं. कौस्तुभला ते पटेना. मग आकडे मनासारखे येईपर्यंत सगळे टाकतच बसतील. त्याने तिसरी रीत काढली. सगळ्यांना आरंभी सारखेच गुण द्यायचे, सारखी शिदोरी. ज्याने त्याने हवी तशी वाटून घ्यायची. कुणाला ताकद हवी त्याने बुद्धीतून काढावी. म्हणजे कुणावर अन्याय नाही. विमलाला ते ऐकून इतकं बरं वाटलं की ती उठून दारात आली आणि त्यांच्या खेळात आयुष्यात प्रथमच बोलली. म्हणाली, कौस्तुभ सांगतो तेच करा. सगळ्यांना सारखं. त्यात वाईट काय आहे?

अक्षया पिनेने तिसऱ्या फाशाची खळगी साफ करत होती. डाव्या हाताने फासा धरायला तिला वेळ लागतो; तो गुडघ्यावर टेकवून ती उजव्या हाताने उकरत होती, आणि कुणी पुढे होऊन घेत नव्हतं, कारण सगळ्यांना माहीत होतं की ती देणार नाही.

“सारख्या वाटून दिला तर ता माका तुमी दिलेला झाला,” ती वर न बघता म्हणाली. “माका पडलेला व्हया. सगळ्यांचो फासो सरळ असलो की झालो न्याय. मग पडात ता पडात.”

“आणि वायट पडला तर?” कौस्तुभने विचारलं. त्याने ते खेळाबद्दलच विचारलं होतं. पण विचारल्यावर त्याचे कान लाल झाले. जुळ्या भावाच्या तोंडून तो प्रश्न बाहेर पडला की तो कुठे जाऊन पडतो हे त्याला उशिरा कळलं. लहानपणापासून त्याचं असंच होतं. पळण्याच्या शर्यतीत तो मुद्दाम हरायचा, आणि त्यामुळे दोघंही रडायची.

“तर मगे बघू,” अक्षया म्हणाली. “वायटाचीच गोष्ट बरी होता. अठरा ताकद घेवन मी काय करू? दार दिसला की मोडू?”

तिने फासे पाण्यात धुतले, ओढणीला पुसले, मुठीत घेतले. टाकायच्या आधी तिने दाराकडे बघितलं. विमला तिथेच उभी होती, आणि तिचे ओठ हलत होते. तिला स्वतःला ते कळलं अक्षयाच्या डोळ्यांत बघितल्यावर. मुलगी मूठ तशीच धरून थांबली, आणि थांबून राहिली, कुणाचं बोलणं चालू असताना आपण थांबतो तशी. विमलाने पदर तोंडाला लावला आणि आत गेली. मग भिंतीपलीकडे फासे पडल्याचा आवाज आला. परत आवाज, परत आवाज. पाकळी पडल्यावर बाहेर यायचं असतं हे तिला ठाऊक होतं. पण इथे पडणं चालूच होतं, एका मागून एक. शेवटी यज्ञेश खाकरला आणि म्हणाला, “ताकद चार. बाकी असाच. अगो, हिका वल्हा तरी उचलात काय?” आणि अक्षया खळखळून हसली. “तेच्यार सुचला. ही तरीची होडी चालवता. तरीवाली. वल्हा उचलणा नाय, पण पाणी खंयचा खोल नि खंयचा उथळ ता हिका म्हायत. वल्हा तू मार, यज्ञेश. तुझे आठ-नऊ आसत मां? तुळसा नाव हिचा.” आणि तासाभरात ती तुळसा त्या दोघांना अशा एका खाडीत घेऊन गेली, की यज्ञेश आपले आकडे विसरला आणि त्याचा चहा निवून गेला.

दिवेलागणीला मुलगे बाजारात गेले. अक्षया पलंगावर कपडे पसरून बॅग भरत होती. सोमवारी तिला ओरोसला हजर व्हायचं होतं. सरकारी कचेरीत नोकरी, स्वतः परीक्षा देऊन मिळवलेली, आणि कर्मचाऱ्यांच्या वसाहतीत दुसऱ्या मजल्यावरची एक खोली. जिने उतरून नळाचं पाणी खालून आणावं लागतं असं श्रीपादांनी जाऊन बघून आल्यावर सांगितलं होतं, आणि तेव्हापासून विमलाच्या मनात त्या जिन्याशिवाय दुसरं काही नव्हतं. श्रीपाद बदलीसाठी कुणाला तरी भेटणार होते. विमलाने त्याहून वरच्या माणसाला भेटायचं ठरवलं होतं: पोरीची नेमणूक मालवणात होऊ दे, मी अनवाणी धामापूरपर्यंत चालत येईन. अजून बोलून दाखवलं नव्हतं. मनातल्या मनात शब्द जुळवून ठेवले होते. एकदा बोलली की ते बांधलं जाणार, आणि तिने बांधलेलं आजवर कधी सुटलं नव्हतं. ती तुळशीकडे दिवा लावून आली आणि मुलीच्या शेजारी बसून कपड्यांच्या घड्या घालू लागली. सदऱ्याच्या बाह्या आत, मग उभी घडी. अक्षया बराच वेळ तिच्या हातांकडे बघत होती. मग तिने अगदी साध्या आवाजात विचारलं, दसऱ्याला फाशांसमोर काय मागितलंस म्हणून. विमलाने सांगितलं. लपवण्यासारखं काही नव्हतं.

“आये, माका म्हायत आसा तू तारले कित्याक खायना ता,” अक्षया म्हणाली. “मी दुसरीत होतंय. समोरच्या तुळसाकाकीन सांगल्यान. तेच्यापासून मी तुझ्या तिखल्याचा मीठ चाखतंय. थेंब जिभेर पडलो की माका वाटता, माझो पाय अजून तसोच आसा म्हंजे माझ्या आयेचो उपास फुकट गेलो. रोज, आये. पाय माझो, पण तो तुझ्यासमोर गुन्हेगारासारखो उभो.”

विमलाच्या हातातली घडी तशीच राहिली.    घराच्या मागे माडाच्या झावळीवर वारा होता, आणि शेजारच्या घरात कुणी कुकरची शिट्टी काढत होतं. तिला एकदम त्या वाटीची आठवण झाली, स्टीलची, काठाला पोचा आलेली. त्या वाटीतून ती इतकी वर्षं मुलीला काय पाजत होती हे तिला ठाऊक नव्हतं. तिला वाटलं होतं ते आंबट, तिखट आणि चवीपुरतं मीठ आहे.

“मगे मी काय करू?” तिने विचारलं, आणि तो प्रश्न तिने ह्याआधी कुठल्याही माणसाला विचारला नव्हता.

अक्षयाने ह्यावर विचार केलेला होता, हे उघड होतं. तिने उपास सोड असं म्हटलं नाही. ते सोडले तर आई उभी कशावर राहील हे तिला समजत होतं. सोमवार-मंगळवार तुझे, ते तुझे नि देवाचे, त्यात मी पडत नाही, असं ती म्हणाली. माझं मागणं बारीक आहे. पुढच्या शनिवारी मला ओरोसहून यायला जमणार नाही, सुटीच्या दिवशीही प्रशिक्षण आहे. माझी तरीवाली अर्ध्या खाडीत उभी आहे, यज्ञेशचा माणूस तिच्या होडीत. कुणीतरी तिच्या जागी बसायला हवं.

“तू बस. कौस्तुभ सांगात काय करूचा ता. आणि फासो टाकशीत तेवा नुसतो टाक. काय मागू नको. माझ्यासाठी नको, तुळसासाठीपण नको. एक शनिवार.”

विमला हसली, कारण आधी तिला ते पोरखेळ वाटलं. मग तिला कळलं की पोरगी तिच्याकडे काय मागते आहे. अनवाणी चालत जा म्हटलं असतं तर ती आता उठून निघाली असती. एक महिना अन्न सोड म्हटलं असतं तर सोडलं असतं. हात पुढे करायचा, मूठ उघडायची आणि ओठ मिटलेले ठेवायचे, हे व्रत तिने कधी केलं नव्हतं. त्याला पोथी नव्हती, उद्यापन नव्हतं. आणि एकदा ते जमलं तर ओरोसच्या जिन्याचं काय, त्या जुळवून ठेवलेल्या शब्दांचं काय, हेही तिला त्याच क्षणी दिसलं. बहुतेक अक्षयालाही दिसलं होतं, म्हणूनच तिने एवढंसंच मागितलं. आई शब्द पाळते हे त्या घरात भिंतींनाही माहीत होतं. म्हणून आईकडून शब्द घेणं ही गंमत नव्हती. विमलाने सदरा पुन्हा उलगडला, पुन्हा घडी घातली, नीट. दिव्याची वात देवघरात तडतडली.

“बरा,” ती म्हणाली. “टाकतंय.”

सोमवारी सकाळी एसटी स्टँडवर अक्षयाने बॅग स्वतः उचलली. पायरी चढताना कंडक्टरने हात पुढे केला, तिने तो घेतला, थँक्यू म्हणाली आणि आत जाऊन खिडकीशी बसली. विमलाने हात हलवला. गाडी वळली तेव्हा ओठ हललेच. शब्द अजून शनिवारचा होता, असं तिने स्वतःला समजावलं. आठवडा सरळ गेला. फोनवर अक्षया जिन्याबद्दल बोलायची नाही, शेजारच्या खोलीतल्या सारिकाबद्दल बोलायची. ती कुडाळची, रात्री गाणी म्हणते, भयंकर म्हणते. पाणी कोण आणतं असं विमलाने एकदा विचारलं. “अर्धी अर्धी बादली आणतंय, आये. दोन खेपो,” असं उत्तर आलं, आणि पुढचं वाक्य लगेच सारिकाच्या गाण्यावर. गुरुवारी श्रीपाद म्हणाले की बदलीचं बघणारा माणूस भेटला, तुझं देवीला सांगून झालं का? विमला भाजी निवडत होती. आत्ता नको, एवढंच ती म्हणाली. श्रीपादांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. तीस वर्षांत देवाच्या बाबतीत तिने ‘आत्ता नको’ म्हटलेलं त्यांना आठवत नव्हतं. त्यांनी वर्तमानपत्र उघडलं आणि त्या माणसालाही मग फोन केला नाही.

शनिवारी दुपारी तिने भांडी आवरली, श्रीपादांचा चहा थर्मासमध्ये भरून ठेवला आणि धुवट सुती साडी नेसली. फासे रुमालात बांधून घेतले. घराबाहेर पडताना देवघराच्या चौकटीला हात लावून ‘सांभाळ’ म्हणायचं, ही तिची पंचवीस-तीस वर्षांची रीत. हात चौकटीवर गेला. समईची ज्योत स्थिर होती, देवीच्या टाकावर सकाळचं तांबडं फूल. ती उभी राहिली. म्हणायचं काहीच नसताना देवासमोर उभं राहणं फार अवघड वाटलं तिला. पाहुण्यांकडे रिकाम्या हाताने गेल्यासारखं. बोटांना काय करावं कळेना. मग थोडा वेळ गेला आणि तिच्या ध्यानात आलं की टाकावरचे डोळे तिने इतक्या वर्षांत नीट पाहिलेच नव्हते. एक किंचित मोठा, एक लहान, सोनाराच्या हातून झालेला. मागताना डोळे मिटलेले असायचे. ती बघत राहिली. देवीला त्याचं काही वाटत नसावं असं दिसत होतं.

ती बाहेर आली, चपला पायात सरकवल्या, फाटक लोटलं. समोरच्या ओट्यावर तुळसाकाकी वाल सोलत बसली होती. निघालेल्या माणसाला कुठे म्हणून विचारू नये हे काकीलाही ठाऊक होतं, म्हणून तिने लांबून विचारलं, “लांब गो, विमला?”

“नाय. बाजारात. खेळूक चल्लंय.”

काकीचा हात शेंगेत थांबला. विमलाने डोक्यावरचा पदर सारखा केला, रुमालाची गाठ मुठीत धरली आणि ओठ मिटून ती जाळ्यांच्या दुकानाच्या रस्त्याला लागली.